ओठ लावून पाहिलेलं दूध

बाटलीमावशी हे नाव ऐकलं की नवा माणूस आधी कान टवकारतो आणि मग हळूच विचारतो, "रोज घेतात का हो?" रोज घेत नाहीत, रोज देतात, असं सांगितलं की त्याचा चेहरा आणखीच बघण्यासारखा होतो. नाव गल्लीने ठेवलं. त्यात कुचेष्टा होती, हे कबूल करायला कुणाची हरकत नाही. मावशीची तर मुळीच नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की बाटल्यांचाच विषय निघाला असेल तर एकदा घरोघरी माळे तपासून बघू या. हे ती गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणायची, आणि दोन-तीन घरांच्या खिडक्या चटकन लागायच्या.

तिच्या बाटल्या दुधाच्या. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला प्राण्यांचं स्वयंपाकघर आहे, तिथे मावशीचं राज्य. लांबट खोली, दोन शेगड्या, पत्र्याने मढवलेला ओटा, भिंतीवर ओळीने टांगलेल्या सुऱ्या. लाल मुठीच्या मांसाला, हिरव्या मुठीच्या फळांना. कुणी हिरवी सुरी मांसाला लावली तर मावशी त्याची अशी खरडपट्टी काढायची की पलीकडच्या आवारातलं अस्वलसुद्धा गुमान बसायचं. सुरुवातीला ती इथे बादल्या विसळायला लागली होती. मग एकदा एक आईविना पाडस आलं. सगळ्यांनी हात टेकले, आणि हिने त्याला मांडीवर घेऊन दूध पाजून जगवलं. तेव्हापासून आईने टाकलेलं, पडलेलं, सापडलेलं जे काही येईल ते मावशीच्या ओट्यावर. कोल्ह्याची पिल्लं, घुबडाचं पोर, एक साळिंदरसुद्धा. त्या साळिंदराच्या खुणा हातावर आहेत, आणि त्या दाखवताना ती पोरांची लग्नं सांगावीत तशा कौतुकाने दाखवते.

हे सगळं जमायचं कशामुळे, असं कुणी विचारलं की मावशी खालच्या ओठावर बोट ठेवायची. दूध जरा गरम झालं तर पिल्लाची जीभ पोळते, जरा गार झालं तर पोट फुगतं. बाकीचे लोक मनगटावर थेंब टाकून बघतात. मावशीचं मनगट वर्षानुवर्षं उकळत्या पाण्याने आणि जंतुनाशकाने असं राकट झालं होतं, की त्यावर निखारा ठेवला तरी ती म्हणाली असती, "जरा कोमट आहे." म्हणून ती बाटलीचं रबरी बोंड ओठाला लावायची. एक क्षण, डोळे मिटून. स्वतःच्या लेकीला तिने असंच वाढवलं, तिच्या आईने तिला असंच. घास आपल्या तोंडात मऊ करायचा, दूध आपल्या ओठाने बघायचं, मग पोराला द्यायचं. यात चूक काय आहे, हे कुणाला विचारावं असं तिला कधी वाटलं नाही. चुलीला धूर का असतो, असं कुणी विचारतं का?

घरी नवरा शिंपी. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसायचा, त्यामुळे बोलणं कमी. टाचण्या काढल्या की बोललेलं टोचायचं. मावशी कामावरून आली की मागच्या दारानेच आत यायची. कपडे वेगळ्या बादलीत, हात कोपरापर्यंत साबणाने. तरी शिंपीकाका मशीन थांबवून विचारायचे, "माकडांचं काही घरात आणलं नाहीस ना?"

"तुम्ही आहात की घरात. आणखी एक कशाला?"

गल्लीतही तीच तऱ्हा. तान्हं बाळ असलं की बायका मावशीला दुरून हसायच्या आणि बाळाला आत घेऊन जायच्या. तिने दिलेली वाटी धुऊन घ्यायच्या. मावशीला ते दिसायचं. ती दाखवायची नाही, पण दिसायचं. सगळ्यांनी दारं लावली होती ती प्राण्याकडून माणसाकडे येणाऱ्या रोगाला. माणसाकडून प्राण्याकडे जाणाऱ्या वाटेवर साधी दोरीसुद्धा कुणी आडवी बांधली नव्हती.

तसं म्हणायला संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी एक दार लावलं होतं. त्या वयाने मावशीच्या लेकीएवढ्या, पण कडक. आवाराच्या टोकाला एका उबदार खोलीत काचेमागे मार्मोसेट होते. लांबच्या देशांतल्या जंगलातली, मुठीत मावतील अशी माकडं. कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके आणि चेहरा निवृत्त हेडमास्तरांसारखा, सगळ्या जगाने आपल्याला निराश केल्यासारखा. मावशी त्यांना मूठभर म्हणायची. त्या खोलीत जायचं तर मास्क आणि हातमोजे घालूनच, आणि सर्दी, खोकला, ताप असेल तर जायचंच नाही, असा बाईंचा नियम होता. माणसाची साधी सर्दीसुद्धा त्यांना झेपत नाही म्हणे. मावशी तो नियम अगदी काटेकोर पाळायची. इतका, की पक्ष्यांच्या विभागातला पोपटवाला एकदा त्या खोलीत शिंकला, तर तिने त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि वर बाईंकडे तक्रारही केली. पोपटवाला म्हणजे आडव्या अंगाचा गडी, दोन्ही गालांवर पसरलेली मिशी, आणि मनाने पोपटाच्या पिसाएवढा. त्याला ते फार लागलं. त्यानंतर तो मावशीशी फक्त कामापुरतं बोलायचा, आणि तेही बादलीकडे बघून.

मूठभरांच्या घरात आई, बाप आणि आधीच्या वेताचा एक थोरला मुलगा. आता आईला तीन पिल्लं झाली. या जातीत दोन होतात, आईला दूध पाजायची सोयही दोघांचीच. तिसरं खाली पडलेलं मावशीला सापडलं. अंगठ्याएवढं, गार.

"मावशी, हे जगेल असं मला वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीने तोवर पाणी तापत ठेवलं होतं.

"आणि जगलं तरी नुसतं जगवून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "ते लवकर परत घरच्यांत गेलं पाहिजे. माणसांत वाढलं तर ते ना धड माकड राहील, ना माणूस. उशीर केला तर घरचेही त्याला घेणार नाहीत."

म्हणजे तिसऱ्याला नुसतं जगवायचं नव्हतं, घरी पोचवायचं होतं. मावशीने ते मनावर घेतलं. मूठभरांच्या खोलीशेजारच्या कोपऱ्यात दिव्याखाली एक पेटी ठेवली, आत लोकरीचा तुकडा. दूध स्वयंपाकघरात करायचं, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचं, टोक ओठाला लावून बघायचं, मग मास्क चढवून, हातमोजे घालून पेटीपाशी जायचं आणि थेंब थेंब पाजायचं. दुसऱ्या कुणी पाजलं तर तिसरं तोंड फिरवायचं. घरी आल्यावर ती शिंपीकाकांना सांगायची, "त्यांच्यात पोरं बाप सांभाळतो. दिवसभर पाठीवर घेऊन फिरतो. आई फक्त पाजायला घेते."

काकांनी टाचण्या काढल्या. "त्याला कुणाचे कपडे वेळेवर शिवून द्यायचे नसतील."

अशात मावशीला ताप आला. नियम म्हणजे नियम, ती घरी बसली. अंथरुणावर पडून तिसऱ्याची काळजी करत राहिली, आणि काकांच्या काढ्याला नावं ठेवत राहिली. मग ताप उतरला आणि ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा घोस आला. तिने आरशात बघितलं आणि तिला बरंच वाटलं. तिच्या आईचं सांगणं होतं, ताप ओठावर फुटला की समजावं, अंगातला रोग बाहेर पडला. लहानपणापासून तिला ते फोड यायचे. तापानंतर, फार दमलं की, कधी उन्हात राबलं की. यायचे, वाळायचे, जायचे. त्याला कुणी आजार म्हणतं का? काकासुद्धा म्हणाले, "फुटला ना ओठावर? मग आता जा तुझ्या लेकराकडे."

ती गेली. खोलीत जाताना मास्क अगदी नाकापर्यंत चढवून गेली. पण मास्क खोलीत होता. दूध स्वयंपाकघरात व्हायचं, आणि तिथे ती एकटीच असायची. ओठाचा तो कोपरा दुखत होता, म्हणून ती सिरिंजचं टोक दुसऱ्या बाजूला लावायची. एवढीच काय ती काळजी.

तिसरं तिला बघून चिवचिवलं. त्याने इतके दिवस दुसऱ्याच्या हातून जेमतेम घेतलं होतं, आता सगळं संपवलं. मग एके सकाळी बाई म्हणाल्या, "आज बघू या." थोरल्याचं बोट दाराच्या जाळीत अडकून टाके पडले होते, म्हणून त्याला आधीच खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पिंजऱ्यात काचेपलीकडे ठेवलेलं. आत आई, बाप आणि बापाच्या पाठीवर दोन पिल्लं. मावशीने लोकरीसकट तिसरं फांदीवर ठेवलं आणि मागे सरली. आईने एकदा हुंगलं, निघून गेली. बाप आला. त्याने तिसऱ्याकडे डोकं वाकडं करून बघितलं, चाटलं, तोंड, डोळे, कान, सगळीकडे. आणि एखादा हमाल शेवटचं गाठोडं उचलतो तसा खांदा खाली केला. तिसरं चढलं.

डॉक्टरीणबाई काचेला तोंड लावून रडत होत्या. मावशी म्हणाली, "बाई, मास्क भिजेल." गल्लीत त्या संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. मावशी प्रत्येक ओट्यावर थांबून सांगत होती, बापाने खांदा कसा खाली केला ते स्वतःचा खांदा खाली करून दाखवत होती. ज्या बायका वाटी धुऊन घ्यायच्या, त्यांनीही ऐकलं. जरा लांब बसून, पण ऐकलं. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची संध्याकाळ असेल. आता त्या संध्याकाळचं नाव जरी काढलं तरी ती उठून आत जाते.

आठवडाही झाला नाही, तोच तिसऱ्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. बाप त्याला पाठीवर घेऊन बसलेला, आणि तो स्वतःही खात नव्हता. बाईंनी त्याचं तोंड उघडून बघितलं, तर जिभेवर आणि ओठांच्या आतून फोड. मग आईला. मग जुळ्यांना. इतका लहान जीव, तोंड दुखलं की खाणं बंद, खाणं बंद झालं की संपलाच. बाईंनी औषधं मागवली, घशातल्या लाळेचे नमुने तपासायला पाठवले, घरी जायचं सोडून दिलं. आणि सगळ्यांना विचारलं, खोलीत कोण आजारी माणूस आलं होतं?

मावशीने सांगितलं, "पोपटवाला शिंकला होता."

ते खरं होतं, पण कितीतरी जुनं. पोपटवाला तेव्हापासून तिकडे फिरकला नव्हता. तरी बाईंनी त्याला बोलावून विचारलं, दोनदा विचारलं. तो मिशी खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मी नाही गेलो, बाई." मावशीला तेव्हा तो खोटं बोलतोय असंच वाटलं. मनात तिने त्याला काय काय म्हटलं ते ती आता कुणाला सांगत नाही.

तिसरं गेलं. मग जुळी, मग आई. बाप शेवटपर्यंत फांदीवर बसून होता, पाठीवर कुणी नसताना मधूनमधून खांदा खाली करायचा. मग तोही गेला.

त्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात चहा प्यायला बसल्या. दोघींचेही डोळे कोरडे ठणठणीत. मावशीने चहासाठी मास्क खाली ओढला. बाईंचा कप तोंडाशी गेला होता, तो त्यांनी परत खाली ठेवला.

"मावशी, ओठाला काय झालं?"

"हे होय? काही नाही. वाळलं आता. मध्ये ताप आलेला ना, तो बाहेर पडला."

"कधी आलं हे?"

"ताप उतरल्यावर. मग मी आले की कामावर."

"हे आलेलं असताना तुम्ही तिसऱ्याला पाजत होतात?"

"मास्क होता ना, बाई. नाकापर्यंत. विचारा कुणालाही."

बाईंनी कप बाजूला सरकवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "दूध गरम आहे का गार, ते कसं बघता तुम्ही?"

मावशीने नेहमीच्या अभिमानाने बोट ओठावर ठेवलं. ठेवलं आणि तिथेच राहिलं. बाईंच्या चेहऱ्याकडे बघताना तिचं बोट खपलीवर होतं, आणि ते काढायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

मग बाईंनी सांगितलं. रागावून नाही. रागावल्या असत्या तर मावशीला सोपं गेलं असतं. हा विषाणू जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांत असतो, त्या म्हणाल्या. लहानपणी कुणीतरी पापी घेतं, कुणी उष्टा घास भरवतं, तेव्हा येतो. मग आयुष्यभर जात नाही. चेहऱ्याच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो. अंगात ताप आला, थकवा आला, ऊन लागलं, की उठतो आणि ओठावर येतो. रोग बाहेर पडला असं आपण म्हणतो तेव्हा तो खरोखरच बाहेर पडलेला असतो, दुसऱ्याकडे जायला. माणसाचं त्याच्याशी फार जुनं जमलेलं आहे. तो आपल्याला चार फोड देतो, आपण त्याला जागा देतो. पण या चिमुकल्या माकडांच्या रक्ताने तो कधी बघितलेलाच नाही. त्यांच्या जंगलात त्यांचे त्यांचे असतील. हा त्यांना पेलत नाही.

"आणि उलटंही असतं," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या आवारातली ती मोठी लाल तोंडाची माकडं, त्यांच्यातल्या पुष्कळांमध्ये असाच एक असतो. त्यांना दोन फोड येतात आणि जातात. पण त्यातलं एखादं माणसाला चावलं आणि तो माणसात शिरला, तर माणूस मरूसुद्धा शकतो. जो तो आपापल्या घरी गरीब असतो, मावशी. घर बदललं की खुनी."

"म्हणजे मी," मावशी म्हणाली.

"मी सर्दी, खोकला, ताप सांगितलं. ओठाचं सांगितलं नाही. दूध कसं बघता हे कधी विचारलं नाही. वर कळवताना मी तसंच कळवणार आहे. माझी सूचना अपुरी होती."

"माझं पाप तुमच्या नावावर कशाला, बाई?"

"पाप नाही हो. विषाणू आहे."

"विषाणूला हात नसतात. सिरिंज माझ्या हातात होती."

ती घरी आली ती पुढच्या दाराने. काकांनी मशीन थांबवून नेहमीचा प्रश्न विचारला, आणि तिने उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. तिने सगळं सांगितलं. काका उठले. त्यांनी पाणी आणून दिलं. तिने ते खाली ठेवलं आणि लेकीला फोन लावला.

"तुला ओठावर फोड येतात का गं?"

"येतात की. परीक्षा आली की हमखास यायचे. आता ऑफिसात कामाचा डोंगर झाला की येतात. का? तुझीच तर देणगी आहे." लेक हसली. "आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. बाळाची पापी नको घेऊस ते आलेले असताना. तोंडात मऊ केलेला घास नको देऊस."

"तूच तर शिकवलंस."

"मीच सांगतेय आता."

डॉक्टरीणबाईंच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यात नवीन काही नव्हतं. पोपटवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मावशी स्वतः पक्ष्यांच्या विभागात गेली. तो दाणे चाळत होता.

"शिंक तुझी नव्हती," ती म्हणाली. "ओठ माझा होता."

तो चाळण हलवत राहिला. "मग आता?"

"आता काही नाही. तुला सांगायला आले."

"मला दोनदा उभं केलं बाईंनी."

"माहीत आहे. मीच नाव घेतलं."

"घरी जाऊन जेवलो नाही मी."

मावशीने खाली सांडलेले दाणे वेचून त्याच्या चाळणीत टाकले. पण ती गेली नाही. शेवटी त्यालाच अवघडलं. त्याने चाळण खाली ठेवली आणि विचारलं, "थोरला कसा आहे?"

थोरला वाचला होता. टाके पडलेल्या बोटाने त्याला वाचवलं. काचेपलीकडे होता, त्याचं खाणं कापून वेगळं जायचं, ओठ लावायचं त्यात काही नव्हतं. त्याच्या तोंडात फोड नव्हते, रक्तातही काही सापडलं नाही. पण ही जात एकटी राहू शकत नाही. तो दिवसभर रिकाम्या पिंजऱ्याकडे तोंड करून बारीक, लांब शीळ घालायचा. घरातलं कुणी दिसेनासं झालं की ती जात अशी शीळ घालते, पलीकडून उत्तर यावं म्हणून. खाणं त्याने जवळजवळ सोडलं होतं. दुसऱ्या एका संग्रहालयात त्याच्या जातीचं एक कुटुंब होतं, तिथले लोक त्याला घ्यायला तयार होते, पण अंगात जरा ताकद आल्याशिवाय प्रवास करवणार नव्हता. आणि खायला देणारं ओळखीचं माणूस एकच होतं. त्याच माणसाला आता त्या खोलीत पाय ठेवायची बंदी.

"फोड नसले तरी कधीकधी तो तोंडात असतो," बाई म्हणाल्या. "मला हे सांगताना चांगलं वाटत नाही."

"मी पोपटवाल्याला शिकवते," मावशी म्हणाली.

शिकवणी स्वयंपाकघरात झाली. फळ केवढं कापायचं, हात कसा खाली धरायचा, नजर कशी वळवायची, की त्याला आपण बघतोय असं वाटू नये. लापशीची ऊब बघायला आता तापमापक आला होता. पोपटवाला सगळं शिकला. अडलं ते एका ठिकाणी. मास्क त्याच्या मिशीवर बसेना. बाजूंनी हवा जायची, आणि दोन्हीकडून मिशीची टोकं अशी बाहेर यायची की त्याने एखादा उंदीर तोंडात धरलाय असं वाटायचं.

"मिशी काढावी लागेल," मावशी म्हणाली.

"लग्नात सासऱ्याने सांगितलं होतं, तेव्हासुद्धा काढली नाही."

"सासऱ्याने काय दिलं असतं? सायकल. इथे जीव आहे."

तो तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो कुणी ओळखेना. वरचा ओठ पांढराफटक, लहान मुलासारखा. पहारेकऱ्याने त्याला तिकीट मागितलं. मावशीला हसू यायला हवं होतं, तिला आलं नाही. ती म्हणाली, "बायको काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्यासाठी नाही काढलीस, माकडासाठी काढलीस."

पोपटवाला आत जायला लागला. मावशी खोलीबाहेर, दाराच्या काचेच्या चौकोनातून बघायची. आत जायची बंदी होती, बघायची नव्हती. थोरला तिला बघितल्याबरोबर जाळीवर झेप घ्यायचा, दाराकडच्या कोपऱ्यात येऊन शीळ घालायचा. तिला वाटायचं, आपण दिसलो की याला धीर येतो. म्हणून ती सकाळी यायची, दुपारी यायची, जाताना यायची. काचेवर हात ठेवून उभी राहायची. पोपटवाला पेरूची फोड पुढे करून गुडघ्यांवर बसलेला, आणि थोरला त्याच्याकडे पाठ करून दाराकडे बघत बसलेला. असे कितीक दिवस गेले. थोरल्याच्या अंगाची हाडं दिसायला लागली.

शेवटी पोपटवाल्याने तिला ओट्यापाशी गाठलं. बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मिशी असती तर तिच्यामागे लपला असता.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका."

"बोल."

"परवा तुम्ही सुट्टीवर होतात."

"हो. मग?"

"परवा त्याने दोन फोडी खाल्ल्या. माझ्या हातातून." तो थांबला. "आज तुम्ही आलात, परत कोपऱ्यात जाऊन बसला. तुम्ही दिसता तोवर तो तुमची वाट बघतो. माझ्याकडे कशाला येईल?"

मावशी हिरव्या मुठीची सुरी पुसत होती. तिने ती पुसली, जागेवर टांगली, मग पुन्हा काढून पुन्हा पुसली. आधी ओठ. आता नुसतं तोंड दाखवणंसुद्धा. आपल्याजवळ जे जे म्हणून मायेचं आहे, ते त्या जिवांना बाधतंच आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. बोलली एवढंच, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज काचेवर हात ठेवून उभ्या. कसं सांगायचं?"

त्याच दिवशी तिने बाईंकडे काम बदलून मागितलं. स्वयंपाकघर त्या खोलीच्या फार जवळ होतं. तिचा आवाज तिथपर्यंत जायचा, आणि मावशीचा आवाज म्हणजे अस्वलाला गप्प करणारा. बाई नको म्हणत होत्या. म्हणाल्या, "स्वयंपाकघर तुमच्याशिवाय कसं चालेल?" ती म्हणाली, "तापमापकावर चालेल." आणि आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या जनावरांच्या गवताच्या कोठारात गेली. तिथे पेंढ्या सोडायच्या, झटकायच्या, गाडीत भरायच्या. पाजायला कुणी नाही, ओठ लावायला काही नाही. गल्लीला ही बातमी लागायला वेळ लागला नाही. बाटलीमावशीची बाटली सुटली, असा विनोद कुणीतरी केला. केला आणि कुणी हसलं नाही म्हणून स्वतःच खाली मान घातली.

पोपटवाला अधूनमधून कोठारावर येऊन सांगायचा. आज एवढं खाल्लं. आज खांद्यावर बसला. आज कॉलरमध्ये हात घालून झोपला. मावशी पेंढ्या झटकत ऐकायची, बरं म्हणायची. ज्या दिवशी थोरल्याला न्यायला गाडी आली, त्या दिवशी ती कोठारातून बाहेर पडली नाही. गाडी फाटकाकडे जाताना कोठारावरूनच गेली. तिने दार ओढून घेतलं आणि आत उभी राहिली, श्वास रोखून, गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत.

पोपटवाला मागाहून आला. ओठावर मिशीची खुंटं फुटायला लागली होती. डोळे लाल.

"गेला," तो म्हणाला. "पेटीत बसताना माझं बोट धरलं होतं."

"बरं."

तो दारात घुटमळला. तिचं मन राखावं असं त्याला वाटलं असणार. "मावशी, तुमची आठवण काढत होता हो. दाराकडे बघत होता मधूनमधून."

मावशीने पेंढी खाली ठेवली आणि त्याच्याकडे वळली. "हे बघ," ती म्हणाली. "तो मला विसरला असेल तर सांग. विसरला नसेल तर नको सांगूस."

पोपटवाल्याने ओठावरच्या खुंटांवरून बोट फिरवलं.

"विसरला, मावशी," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि पुढची पेंढी ओढली. तो खरं बोलला का खोटं, हे तिने विचारलं नाही.